लाखोळीचे पीक आणि लुळे पडलेले पाय

वैनगंगेच्या पूर्वतीरावर, नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गाच्या दोन्ही अंगांस पसरलेला तिरोड्याचा मुलूख हा तळ्यांचा आणि धानाचा मुलूख आहे. आणि ज्या मुलखात धान हेच मुख्य पीक, भात हेच मुख्य अन्न आणि पाऊस हाच खरा मालक असतो, तेथे धानानंतर त्याच जमिनीत काय उगवते यावर गरिबाच्या घरातील उन्हाळ्याचे दिवस अवलंबून असतात. आश्विन सरत आला, धान पिवळे पडू लागले आणि बांधीतले पाणी उतरले, म्हणजे उभ्या धानाच्या बुडाशी, ओल्या चिखलात, लाखोळीचे बी हाताने फेकून द्यावयाचे. नांगर नाही, वखर नाही, खत नाही, पाणी नाही. धान कापून नेले की उरलेल्या ओलीवर आणि पहाटेच्या दंवावर ते रोप अंग धरते, निळसर फुलांनी बांधी भरून जाते, आणि माघ-फाल्गुनात बारीक शेंगांतून त्रिकोणी, चपटे, ठिपकेदार दाणे हाती येतात. कोवळ्या पाल्याची भाजी होते, डाळीचे वरण आणि वडे होतात, भुसा बैलांना जातो, आणि मुळांवरच्या गाठींनी जमिनीला पुढच्या धानासाठी नत्र मिळते. दाण्यात प्रथिनांचे प्रमाण शेकडा २८ च्या आसपास भरते. अवर्षणात ते तगते, अतिवृष्टीत ते कुजत नाही, आणि कीडही त्याला फारशी शिवत नाही. इतके गुण एका पिकात क्वचितच एकवटलेले आढळतील. आणि याच पिकाने, ज्या वर्षी दुसरे काहीच पिकले नाही त्या वर्षी, मध्य हिंदुस्थानातील हजारो तरुण माणसांचे पाय कायमचे काढून घेतले.

ही हकिकत मेंदूच्या आणि मज्जारज्जूच्या एका रोगाची आहे. परंतु ती केवळ वैद्यकाच्या पोथीतून सांगता येत नाही. ती महसुलाच्या दप्तरांत, दुष्काळाच्या अहवालांत आणि मजुरीच्या मापांत विखुरलेली आहे, आणि या रोगाचा इतिहास लिहिणाऱ्याने रसायनशाळेत शिरण्यापूर्वी मालगुजाराच्या अंगणात उभे राहून पाहिले पाहिजे, असे माझे मत आहे.

कडधान्याच्या अतिसेवनाने माणूस पांगळा होतो हे ज्ञान नवे नव्हे. आपल्या प्राचीन वैद्यांनी वातव्याधींत ‘कलायखंज’ नावाचा विकार वर्णिला आहे, आणि सोळाव्या शतकातील भावमिश्राने आपल्या ‘भावप्रकाशा’त त्रिपुट धान्याला, म्हणजे लाखोळीला, पंगुत्वाचा दोष स्पष्टपणे लावला आहे. ग्रीसमध्ये हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतील ग्रंथांत, सतत कडधान्य खाऊन राहिलेल्या आयनोस गावच्या लोकांचे पाय लुळे पडल्याची नोंद आहे. जर्मनीतील व्युर्टेम्बर्गच्या ड्यूकने १६७१ साली लाखोळीचे पीठ खाण्यास मनाई करणारे फर्मान काढले होते. परंतु एखाद्या रोगाचे कारण ग्रंथांत असणे आणि उपाशी माणसाच्या पानात दुसरे अन्न असणे या दोन गोष्टींत फार मोठे अंतर असते, आणि हे अंतर एकोणिसाव्या शतकात आपल्या भागात जितके उघडे पडले तितके अन्यत्र क्वचितच पडले असेल.

ठगांचा बंदोबस्त करणारा अधिकारी म्हणून ज्याचे नाव आजही घेतले जाते, त्या विल्यम स्लीमनने १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तांतात सागर प्रांतातील काही गावांची जी कैफियत नोंदविली आहे, ती वाचताना मन खिन्न होते. १८२९ साली गारपिटीने गहू गेला. १८३० साली वेळेवर पाऊस न झाल्याने पीक उणे आले. १८३१ साली तांबेऱ्याने उभा गहू नासला. या तिन्ही वर्षांत गव्हाच्या शेतांत आपोआप उगवलेली तेवरी, म्हणजेच आपली लाखोळी, मात्र बहरून आली, आणि लोकांनी तीच कापून, तीच दळून, तीच खाऊन दिवस काढले. १८३३ पासून परिणाम दिसू लागला: तिशीच्या आतील धडधाकट माणसे कमरेखाली निकामी होऊ लागली. हे आजारी लोक स्लीमनने स्वतः पाहिले. गावकऱ्यांनी त्याला कारणही सांगितले, आणि ते कारण अचूक होते. पुढे अलाहाबाद जिल्ह्यात जेम्स आयर्विंग या सिव्हिल सर्जनने याच रोगाची तपशीलवार पाहणी केली, आणि १८७३ साली नेपल्स येथील कान्तानी याने त्याला ‘लॅथिरिझम’ हे नाव दिले.

सागरचा तो प्रांत आणि भोसल्यांचे नागपूर राज्य यांना एकत्र करून १८६१ साली इंग्रजांनी ‘मध्य प्रांत’ हा नवा इलाखा उभा केला, आणि वैनगंगेकाठचा भंडारा जिल्हाही त्यात आला. विसाव्या शतकाच्या आरंभी या जिल्ह्याच्या तीन तहसिली होत्या: भंडारा, साकोली आणि तिरोडा, तिरोड्याची तहसील उत्तरेकडची, पोवार शेतकऱ्यांच्या वस्तीची आणि कामठ्यासारख्या जुन्या जमीनदाऱ्यांनी व्यापलेली. नागपूर-छत्तीसगढ रेल्वेचा मीटरमापी मार्ग १८८२ पर्यंत राजनांदगावला पोहोचला आणि थोड्याच वर्षांत बंगाल-नागपूर कंपनीने तो रुंदमापी केला, तेव्हा या भागाचे धान्य दूरच्या बाजारांकडे वाहू लागले. त्यानंतर लवकरच १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दोन दुष्काळ आले, आणि रेल्वे दाराशी असूनही मध्य प्रांताची रयत उपाशी मेली. भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ च्या खानेसुमारीत सुमारे ७ लाख ४३ हजार होती. १९०१ साली ती ६ लाख ६३ हजारांवर आली. दहा वर्षांत ऐंशी हजार माणसे उणी झाली, हा आकडा वाचून पुढे सरकता येत नाही.

त्या दुष्काळांच्या पाठोपाठ मध्य प्रांतात पांगळ्यांची संख्या वाढली. भारतीय वैद्यकीय सेवेतील अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी १८९६ ते १९०२ या काळातील लॅथिरिझमचा जो अहवाल तयार केला, तो १९०४ साली नागपुरात छापला गेला. धान आणि गहू बुडाले, कोदो-कुटकी संपली, आणि अवर्षणाला न जुमानणारे एकच धान्य कोठारात उरले. तेच बाजारात सर्वांत स्वस्त, तेच सावकाराकडे उधारीवर मिळणारे, आणि सालदाराची मजुरी धान्यात मोजण्याची जी जुनी रीत होती तिच्यानुसार पायलीने त्याच्या पदरात पडणारेही तेच. मजुरीचे धान्य कोणते असावे हे मजूर ठरवीत नसे. बंधुआ नांगऱ्यांना अशी मजुरी देण्याची रीत शेजारच्या रेवा संस्थानात तर स्वातंत्र्यानंतरही चालू राहिली, आणि म्हणूनच तेथे हा रोग सर्वांत उशिरापर्यंत टिकून राहिला. आपल्या हातांनी लाखोळी पेरणाऱ्या पण वर्षाचे धान गोदामात ठेवणाऱ्या मालगुजाराच्या घरी हा रोग आढळत नसे. त्याच्याच शेतावर राबणाऱ्याच्या झोपडीत तो आढळे. एकाच बांधीतले, एकाच ऋतूतले तेच धान्य एका घरात वरणाच्या वाटीपुरते आणि दुसऱ्या घरात दोन्ही वेळच्या भाकरीचे पीठ म्हणून येत होते. सारा फरक या प्रमाणात होता.

रोग कसा येतो हे जवळून पाहिल्याशिवाय त्याची क्रूरता कळत नाही. दोन-तीन महिने आहाराचा मोठा भाग लाखोळीचाच असला म्हणजे एखादा विशी-पंचविशीचा मनुष्य सकाळी उठतो आणि त्याच्या लक्षात येते की पोटऱ्या ताठरल्या आहेत. पुष्कळदा आदल्या दिवशी त्याने चिखलात जड काम केलेले असते. काही दिवसांत टाचा भुईला टेकेनाशा होतात. चवड्यांवर, गुडघे एकमेकांवर घासत, पाय कात्रीसारखे ओलांडत तो चालू लागतो. आधी काठीवाचून, मग एका काठीने, मग दोन काठ्यांनी, आणि सर्वांत वाईट अवस्थेत दोन्ही हातांवर भार देऊन सरपटत, अशा चार पायऱ्या वैद्यांनी या रोगाच्या मोजल्या आहेत. बुद्धी शाबूत राहते, वाचा शाबूत राहते, हातही बहुधा शाबूत राहतात, त्वचेची संवेदना जात नाही. रोग वाढतही नाही आणि ओसरतही नाही. ज्या पायरीवर तो थांबला तेथेच त्या मनुष्याचे उरलेले आयुष्य थांबते. शेतमजुराजवळ विकण्यासारखे पायांचे बळ एवढेच असताना, मन पूर्ण जागे ठेवून तेवढेच हिरावून घेणारा हा आजार आहे.

विज्ञानाला त्याचे मूळ सापडण्यास फार काळ लागला, आणि वाटेत काही आडवाटाही झाल्या. १९२५ साली अँडरसन, हॉवर्ड आणि सायमनसन यांनी असा निष्कर्ष काढला की दोष लाखोळीचा नसून तिच्या शेतात मिसळून वाढणाऱ्या ‘अकटा’ नावाच्या तणाचा आहे. कित्येक वर्षे हे मत मानले गेले. दुसरी अडचण अशी की प्रयोगशाळेतील उंदरांना हे धान्य चारले तरी त्यांचे पाय लुळे पडत नसत. याच कुळातील दुसऱ्या एका वनस्पतीने उंदरांची हाडे वाकडी होत, आणि दोन निराळ्या रोगांना एकच नाव पडल्यामुळे गोंधळ आणखी वाढला.

दरम्यान दुसरे महायुद्ध आले आणि या रोगाने एक अशी जागा गाठली की जेथे तो दुष्काळाचा नव्हे, तर उघड क्रौर्याचा परिणाम होता. रुमानियाच्या ताब्यातील वाप्नियार्का या छावणीत १९४२ साली ज्यू कैद्यांना जनावरांचा चारा म्हणून राखलेली लाखोळी उकडून रोजचे अन्न म्हणून दिली जाऊ लागली. काही आठवड्यांतच शेकडो कैदी पांगळे झाले. त्यांच्यातच आर्थर केसलर नावाचे एक वैद्य कैदी होते. त्यांनी हा रोग ओळखला, छावणीच्या अधिकाऱ्यांपुढे कारण मांडले, आणि कैद्यांनी ते अन्न नाकारले. स्लीमनला गावकऱ्यांनी जे सांगितले होते तेच शंभर वर्षांनी एका कैद्याला काटेरी तारेच्या आड सिद्ध करावे लागले.

खरा शोध आपल्या देशात लागला, हे अभिमानाने नमूद केले पाहिजे. १९६४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एस. एल. एन. राव, पी. आर. अडिगा आणि पी. एस. शर्मा यांनी लाखोळीच्या दाण्यांतून एक नवे अमिनो आम्ल वेगळे केले. ज्यांना प्रौढ उंदीर दाद देत नव्हते त्या संशोधकांनी नुकत्याच अंड्यातून बाहेर पडलेल्या कोंबडीच्या पिलांवर त्याचा प्रयोग केला, आणि पिलांच्या माना आखडून त्यांना झटके येऊ लागले. त्याच वर्षी दिल्लीतही मूर्ती, शेषाद्री आणि वेंकिटसुब्रमण्यन यांनी हेच द्रव्य शोधले. त्याचे लांबलचक रासायनिक नाव आटोपशीर करून त्याला ‘ओडॅप’ म्हणतात. त्यानंतर लवकरच हैदराबादच्या आजच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील नागराजन, मोहन आणि गोपालन यांनी दाखवून दिले की डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून दिले असता या विषाचा फार मोठा भाग निघून जातो. म्हणजे ज्या घरात एक मोठे भांडे, सरपण आणि दोन भांडी पाणी आहे, त्या घरापुरता तरी हा उपाय हाताशी होता. आणि ज्या वर्षी विहिरी आटतात त्याच वर्षी लाखोळी अधिक खाल्ली जाते, ही त्या उपायाची मर्यादाही तेव्हाच स्पष्ट होती.

हे विष मेंदूत करते काय? आपल्या मज्जापेशी एकमेकींशी ज्या द्रव्यांच्या साहाय्याने संवाद साधतात त्यांपैकी एक प्रमुख द्रव्य म्हणजे ग्लुटामेट. ते ज्या पेशीपर्यंत पोहोचावयाचे तिच्या पृष्ठभागावर त्यासाठी खास प्रथिने असतात. त्यांना ग्राही म्हणतात. ग्लुटामेट ग्राहीवर क्षणभर बसते, पेशी उद्दीपित होते, आणि द्रव्य लगेच दूर केले जाते. ओडॅपची घडण ग्लुटामेटशी इतकी मिळतीजुळती आहे की ‘एएमपीए’ जातीच्या ग्राहीला त्याचा फरक कळत नाही. उद्दीपन थांबत नाही, पेशीत कॅल्शियम साचते, आणि ती स्वतःच्याच उत्तेजनेने थकून मरते. मेंदूपासून कमरेपर्यंत उतरणारे, पायांना हुकूम पोहोचविणारे जे लांब मज्जातंतू आहेत त्यांना या आघाताची झळ सर्वाधिक लागते. १९८६ साली पीटर स्पेन्सर यांनी डी. एन. रॉय, रेव्याचे एम. पी. द्विवेदी आणि इतर सहकाऱ्यांसह माकडांवरील प्रयोगांचा पुरावा ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला, १९९३ साली विजयालक्ष्मी रवींद्रनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे विष पेशीतील ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिकांच्या एका विकरालाही निकामी करते असे दाखविले. पांगळ्याच्या काठीपासून ग्राहीच्या रेणूपर्यंतचा हा प्रवास दीडशे वर्षांचा आहे, आणि त्यातील अनेक टप्पे भारतीय हातांनी गाठले आहेत.

येथे थोडे विषयांतर करून एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण ग्राहींचा अभ्यास आता मज्जापेशींपुरता राहिलेला नाही. मेंदूत स्वतःच्या संरक्षक पेशी असतात. स्पेनचे पिओ देल रिओ-होर्तेगा यांनी १९१९ साली त्यांना मायक्रोग्लिया हे नाव दिले. मेलेल्या पेशींचा कचरा उचलणे, रोगजंतूंना अडविणे, जखमेभोवती जमणे ही त्यांची कामे, आणि हे सारे त्यांना आपल्या पृष्ठभागावरील ग्राहींच्या द्वारेच कळते. अशा ‘ट्रेम-टू’ नावाच्या एका ग्राहीत विशिष्ट जनुकीय बदल असलेल्यांना अल्झायमरचा धोका सुमारे तिप्पट असतो, असे २०१३ साली दोन स्वतंत्र गटांनी एकाच वेळी प्रसिद्ध केले, त्यांपैकी एक आइसलँडमधील होता. तोच ग्राही पूर्णपणे निकामी झाला तर तरुण वयातच हाडे ठिसूळ होऊन बुद्धिभ्रंश येतो, हेही त्यापूर्वी कळले होते. मज्जापेशी मरते ती केवळ तिच्यावर आघात झाला म्हणून नव्हे; तिच्या भोवतीच्या रक्षकांनी तो आघात कसा ओळखला यावरही तिचे भवितव्य ठरते, असा विचार त्यामुळे रुजला. एकाच घरातील, एकाच ताटातील लाखोळी खाणाऱ्या भावांपैकी एक लुळा पडतो आणि दुसरा शेतावर जात राहतो, हे कोडे गावकऱ्यांनी फार पूर्वी पाहिलेले आहे. आहारातील गंधकयुक्त अमिनो आम्लांची उणीव, कुपोषण आणि श्रम यांकडे आजवर बोट दाखविले गेले. त्या भावाच्या मेंदूतील रक्षक पेशींकडेही कोणीतरी पाहील, अशी मला आशा आहे.

आता कायद्याकडे वळू. १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखाली १९६१ साली या धान्याच्या विक्रीवर बंदी घालण्याची तरतूद झाली. ती कधीपासून लागू करावयाची हे राज्यांवर सोपविले होते. महाराष्ट्राने बंदी लागू केली, शेजारच्या मध्य प्रदेशाने केली नाही. तिरोड्याच्या उत्तरेस बालाघाटची हद्द जवळ असल्याने, विकणे गुन्हा आणि पेरणे रीत अशी स्थिती धानाच्या बांधीत वर्षानुवर्षे राहिली. बंदीचा हेतू चांगला होता यात मला शंका नाही, परंतु तो हेतू धान्यावर पडला, मजुरीवर पडला नाही. प्रत्यक्षात रोग हटला तो दुसऱ्याच मार्गांनी: स्वस्त धान्य दुकानात तांदूळ आणि गहू मिळू लागले, सत्तरीच्या दशकातील दुष्काळानंतर महाराष्ट्रात रोजगार हमी आली, रोखीच्या मजुरीने पायलीची मजुरी मागे सारली, आणि लाखोळी पुन्हा तिच्या योग्य जागी, वरणाच्या वाटीत आणि वड्यांच्या पिठात, येऊन बसली. दरम्यान तीच डाळ तुरीच्या डाळीत आणि बेसनात लपवून विकण्याचा धंदा शहरांत चालूच राहिला.

नागपूरचे शांतीलाल कोठारी यांनी ही बंदी उठावी म्हणून अनेक वर्षे चळवळ केली. विदर्भातील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या ही डाळ खातात आणि तरीही पांगळे होत नाहीत, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. त्यांचे सर्वच निष्कर्ष शास्त्रज्ञांना मान्य नाहीत, आणि ब्यूकॅननच्या अहवालातील पांगळे काल्पनिक नव्हते हेही विसरता येत नाही. तथापि मिश्र आहारातील थोडी लाखोळी आणि दुष्काळातील केवळ लाखोळी यांत जमीन-अस्मानाचा भेद आहे, हे त्यांचे म्हणणे इतिहासाशी जुळते. महाराष्ट्रातील लाखोळीचा खप आणि या रोगाची सध्याची स्थिती यांचा अभ्यास करून पोषण संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१४ साली आपला निबंधही प्रसिद्ध केला. वादाचा निकाल घोषणांनी नव्हे, तर गावोगाव फिरून, पानातले धान्य मोजून आणि चालणाऱ्याचे पाय पाहून लावावयाचा, ही त्यामागची रीत मला फार मोलाची वाटते.

कृषिशास्त्रज्ञांनी आता ओडॅपचे प्रमाण पुष्कळ कमी असलेली वाणे तयार केली आहेत: दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेचे ‘रतन’, आणि रायपूरच्या कृषी विद्यापीठाची ‘प्रतीक’ व ‘महातेवरा’. रायपूर तिरोड्याहून रेल्वेने काही तासांच्याच अंतरावर आहे आणि तेथील जमीन, पाऊस व धानाची रीत आपल्यासारखीच असल्याने ही वाणे येथे रुजण्यास अडचण नसावी. मात्र लाखोळीच्या फुलांत मधमाश्यांमुळे परपरागीभवन होते. शेजारच्या बांधीत जुने बी असेल तर सुधारित वाणाची शुद्धता काही वर्षांत ढळते, आणि पाण्याचा ताण पडला की दाण्यातील विषाचे प्रमाणही चढते. म्हणून एकदा बी वाटून काम संपत नाही. दर काही वर्षांनी ते बदलावे लागेल, बांधीतून दाण्याचे नमुने घेऊन तपासावे लागतील, आणि पाऊस ओढ देईल त्या वर्षी ती तपासणी आधी करावी लागेल. हे काम तालुक्याच्या कृषी कार्यालयाने पेरणीपूर्वी, म्हणजे धान अजून हिरवे असतानाच, हाती घ्यावयास हवे.